हायड्रोजन जेनसेट, नोंद ११: चोर ब्रीदरमध्ये निघाला

रविवारी हायड्रोजनवर चालवतोय त्या माझ्या छोट्या जनरेटरचं इंजिन सलग पावणेदोन तास चाललं! १ किलोवॉट हॅलोजनचा लोड, लॅम्डा २.५ (म्हणजे जळायला लागते त्याच्या अडीचपट हवा), आणि एकही फटाका नाही. मागची नोंद वाचलेल्यांना आठवत असेल, विसाव्या मिनिटाच्या आसपास इनटेक मॅनिफोल्डमध्ये (इंजिनात हवा नेणाऱ्या नळीत) गॅस पेटून हमखास धडाम व्हायचं आणि भोसरीच्या शेडमागचा लेथवाला "काय हो, दिवाळी का?" म्हणत डोकवायचा.

वेस्टेड स्पार्क (एक्झॉस्टच्या वेळी उडणारी फुकटची जादा ठिणगी) कधीच काढलाय. थंड प्लग (उष्णता लवकर सोडणारा), कमी गॅप, रिटार्ड (ठिणगी थोडी उशिरा), सगळं झालं. तरी इंजिन गार असताना गुणी आणि तापलं की वात्रट. हायड्रोजन पेटायला ०.०२ मिलिज्यूलची ठिणगी पुरते, पेट्रोलच्या दहाव्या हिश्श्याहूनही कमी. पण आपोआप पेटायला ५८५ अंशांच्या आसपास लागतात. म्हणजे आत काहीतरी निखारा होता, आणि मी महिनाभर प्लगलाच शिव्या घालत होतो.

प्लग काढला तर पोर्सिलेनवर करडी-पांढरी पापडी. राख. तेलातल्या कॅल्शियमवाल्या डिटर्जंटची, कारण सम्पमध्ये (इंजिनाच्या तळाच्या तेलाच्या टाकीत) मीच हौसेने डिझेल इंजिनाचं १५डब्ल्यू-४० तेल ओतलं होतं. पण आत तेल जातंय किती, हे कळणार कसं?

इथे डोकं चाललं. हायड्रोजनमध्ये कार्बनच नाही, तेव्हा एक्झॉस्टमध्ये हवेपेक्षा जास्त जो कार्बन डायऑक्साईड दिसेल तो तेलाचा. तपकीर गल्लीतून खोलीची हवा मोजणारा ५००० पीपीएमचा सेन्सर आणला (तिथल्यांना विचारून घ्या, ऑनलाइनवाले कॅलिब्रेशनच्या नावाने काहीही खपवतात). बादलीत तांब्याची कॉईल, पुढे पाण्याचा सापळा, मग सिलिका जेल. शेडची हवा ४५०, एक्झॉस्ट १७००! हिशेब केला तर ताशी आठ-नऊ ग्रॅम तेल जळतंय. "झिरो कार्बन" म्हणे.

ब्रीदरची नळी (क्रँककेसमधली, म्हणजे इंजिनाच्या खालच्या पोटातली, तेलकट वाफ इनटेकमध्ये सोडणारी) इनटेकवरून काढली आणि आकडा ८०० वर आला. जवळपास पाऊण हिस्सा तेल ब्रीदरच पाजत होता. उरलेलं पिस्टनच्या रिंगांकडून येत असणार. पेट्रोलची ज्योत भिंतीपासून साधारण २ मिमीवर विझते, हायड्रोजनची ०.६४ वर, त्यामुळे ती तेलाचा थर चाटणारच. ते सोसायचं.

आता नळी छपरावर नेलीय. क्रँककेसमध्ये ब्लो-बायचा (रिंगांमधून खाली निसटणारा) हायड्रोजन साठतो आणि ४ टक्क्यांना पेटू शकतो, तेव्हा आत ताजी हवा हवीच. मत्स्यालयाचा पंप लावला होता, पण लिहिता लिहिता जाणवलं, तो फारच दुबळा आहे. बाहेर, वाऱ्याच्या बाजूला छोटा ब्लोअर ठेवून हवा ढकलणं बरं. ओढायचं नाही, मोटर गॅसच्या वाटेत नको. डिपस्टिकवरचा दुधाळ चहाही (तेलात मिसळलेलं पाणी) त्याने कमी होईल.

पुढचं पाऊल लो-ॲश, म्हणजे कमी राख करणारं, गॅस इंजिन तेल ठरवलं होतं. नाना पेठेतला दुकानदार २० लिटरच्या बादलीखाली द्यायला तयार नाही, आणि माझ्या सम्पला लागतं ६०० मिली. भागीदार हवेत.

पण थांबा, तेल आत्ताच बदललं तर श्रेय कोणाला द्यायचं? या रविवारी प्लग साफ करून, तेच तेल ठेवून, ब्रीदर परत इनटेकला जोडतोय. धडाम परत आलं पाहिजे. लेथवाल्याला आधीच सांगून ठेवलंय.