रामन, कमलाबाई आणि त्या अटी

28 फेब्रुवारी, म्हणजे विज्ञान दिन, जवळ आला की आमच्या अमळनेर-चोपड्याकडच्या शाळांमध्ये शास्त्रज्ञ रामनवरची तीच भाषणं सुरू होतात, जहाज, निळा समुद्र, 1928 चा शोध, 1930 चं नोबेल आणि टाळ्या. यंदा भाचीचं भाषण मी लिहून दिलं आणि त्यात दोन ओळी कमला सोहोनी या शास्त्रज्ञ बाईंवरच्या टाकल्या तर ताई म्हणे, "कशाले त्या मोठ्या माणसाचं काढतो रे भाऊ, पोरीचं बक्षीस जाईन." ओळी गेल्या. मग म्हटलं इथं लिहू.

तर झालं असं की 1933 मध्ये कमला भागवत (सोहोनी नंतरचं) मुंबई विद्यापीठात बीएस्सीला पहिल्या आल्या आणि बंगलोरच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्सला अर्ज केला. वडील आणि काका दोघं तिथलेच, केमिस्ट्रीवाले. डायरेक्टर सर सी. व्ही. रामन. अर्ज नामंजूर, कारण काय तर बाई आहे! बाई काही गप बसल्या नाहीत, थेट बंगलोर गाठलं आणि सत्याग्रहाची भाषा केली, तेव्हा कुठे साहेब नमले. पण अटी घालून. पहिलं वर्ष रेग्युलर विद्यार्थिनी नाही, गाइड म्हणेल तेव्हा रात्रीसुद्धा काम करायचं, आणि लॅबमधलं वातावरण बिघडवायचं नाही. शेवटची अट परत वाचा. वातावरण बिघडलं तर दोष कोणाचा हे आधीच ठरलेलं.

आमचा एक मित्र लगेच, "जाऊ दे ना भो, जमानाच तसा होता." अरे पण याच रामननी दोनच वर्षांनी, जर्मनीतून परागंदा व्हावं लागलेल्या मॅक्स बॉर्न या भौतिकशास्त्रज्ञाला बंगलोरला बोलावलं, त्याला कायम ठेवा म्हणून स्वतःच्याच संस्थेत लोकांशी भांडण घेतलं. म्हणजे जमान्याच्या उलट जायची हिंमत माणसात होती, फक्त ती कोणासाठी वापरायची हे तो ठरवत होता. मला रामन इथे खरे दिसतात, दिलदार आणि कोते, दोन्ही एकाच वेळी.

आणि ही अटींची परवानगी आपल्याकडे काही नवी आहे का? जळगावला कॉलेजला जा, पण पाचच्या एसटीने परत ये, मोबाईल बापाकडे दाखव, भावाचं नाव खराब करू नको. पोरगी पास झाली की तोच बाप पारावर सांगतो, आम्ही शिकवलं बरं का तिले.

कमलाबाईंनी त्या वर्षात दूध आणि डाळींमधल्या प्रथिनांवर काम केलं, 1939 ला केंब्रिजची पीएचडी, विज्ञानात ती मिळवणारी पहिली भारतीय बाई. रामननी नंतर मुलींना प्रवेश दिला, अ‍ॅना मणी, पुढे हवामानशास्त्रात नाव कमावलेल्या, त्यांच्याच लॅबमध्ये हिऱ्यांवर काम करत होत्या, हे पण खरं. लोक ते रामनच्या मोठेपणात धरतात. धरा. पण कमलाबाईंनी मात्र ती वागणूक आपण विसरलो नाही हे म्हातारपणी चारचौघात बोलून दाखवलं, रामन तेव्हा हयात नव्हते आणि त्यांचं नाव घराघरात होतं, तरीही.