दस्ता कुणी बदलला?

इंग्लंडमधल्या एका लष्करी संग्रहालयात मी शस्त्रांच्या नोंदी ठेवते. बंद पडलेल्या एका पलटणीच्या संग्रहातून आलेली स्टेनगन, म्हणजे दुसऱ्या महायुद्धातली ब्रिटिश सबमशीनगन, गेले काही दिवस डोक्यातून जात नाहीये. सोबतच्या चिठ्ठीवर ‘मार्क 5’, म्हणजे पाचवी आवृत्ती, असं लिहिलंय. लाकडी दस्ता दिसला, चिठ्ठी लिहून टाकली!

नुसत्या दस्त्यावरून मार्क ठरवणाऱ्यांचा मला मनापासून राग येतो. आपल्याकडे पोलिसांच्या खांद्यावरच्या कानपूरच्या कार्बाइनलाही सरसकट स्टेनगन म्हणतात. ती स्टर्लिंग या स्टेननंतरच्या ब्रिटिश सबमशीनगनची भारतीय आवृत्ती. मुळात स्टेनचा दस्ता सहज निघतो, आणि मार्क 2 च्या लोखंडी दस्त्याच्या जागी मार्क 5 चा लाकडी दस्ता बसतो. म्हणून मी आधी नळीचं टोक बघते. मार्क 5 ला तिथे ब्रिटिश नंबर 4 रायफलची माशी (नेम धरायची पुढची खूण) असते, तिच्या दोन्ही बाजूंना उभे कान, शिवाय संगीन अडकवायची सोय. इथे यातलं काहीच नव्हतं. चापामागे लाकडी मूठही नाही. मॅगझिन हाउसिंग (मॅगझिन बसवायची खाच) फिरवलं तर फिरलं, म्हणजे मार्क 3 ही नाही. लाइन्स ब्रदर्स या खेळणी करणाऱ्या कंपनीने काढलेल्या त्या बंदुकीत हाउसिंग कायमचं जोडलेलं असतं. हाउसिंगवर शिक्का होता कॅनडातल्या लाँग ब्रँच कारखान्याचा, साल 1943. मार्क 5 आली 1944 मध्ये. तेव्हा हा दस्ता या बंदुकीबरोबर कारखान्यातून निघालेला असणं शक्यच नाही.

आमचे वरिष्ठ म्हणाले, “तो काढ, स्टोअरमधला लोखंडी लाव. मार्क 2 पूर्ण होईल.” हौशी संग्राहकांचंही हेच वेड. 1, 2, 3, 5 अशी स्वच्छ रांग हवी (4 प्रयोगापुरतीच राहिली), मग त्यासाठी कुठल्याही बंदुकीचे भाग कुठेही लावा.

मी दस्ता उतरवला, पण तपासायला. त्याची पट्टी जिथे टेकत होती तिथला काळा रंग पार घासून गेलेला, उघड्या पोलादावर तपकिरी झाक चढलेली आणि कडेला जुनं तेल मेणासारखं घट्ट बसलेलं. ही जोडी बरीच वर्षं एकत्र होती. युद्धात स्टेन लाखोंनी निघाल्या; मोडलेली बंदूक हाताशी असेल त्या भागाने उभी करणं हे लष्करी वर्कशॉपचं रोजचं काम. तसं झालं असेल तर हा दस्ताच या बंदुकीचा इतिहास आहे. पण मार्क 5 म्हणून जास्त पैसे मिळतील या हिशेबाने एखाद्या विक्रेत्यानेही तो नंतर चढवला असेल. घासलेल्या रंगावरून दोघांतला फरक कळत नाही, आणि मला तेवढंच खुपतंय.

दस्ता मी परत होता तसाच लावला. नोंदीत लिहिलं: मार्क 2, हाउसिंग लाँग ब्रँच 1943, दस्ता मार्क 5 चा, बराच काळ एकत्र, बदल कुणी केला ते अज्ञात. वरिष्ठांची सही अजून झालेली नाही. त्या संग्रहाची जुनी रजिस्टरं मागवलीत. पूर्वीच्या कुणी दस्त्याबद्दल एक ओळ जरी लिहून ठेवली असेल, तरी पुष्कळ झालं.