बेगड

गावच्या जत्रेत दशावतारातली राणी रंगपटात बशीतून चहा भुरकत बसली होती. रंगपट म्हणजे देवळामागचा पत्र्याचा आडोसा. कानात डुलणारे झुमके, कपाळभर टिकल्यांची नक्षी, अंगात लालभडक शालू आणि शालूखालून डोकावणारी हाफपँट. मी फोटोसाठी मोबाइल वर केला, तशी राणी घोगऱ्या आवाजात म्हणाली, "वायच थांब रे, मुकुट घालूंदे."

मुकुट पुठ्ठ्याचा. त्यावर सोनेरी बेगड, कडेने खोट्या मोत्यांच्या माळा, मधोमध गोल आरसा आणि त्या आरशात वरची ट्यूबलाइट. एक कोपरा सेलोटेपने डागडुजी केलेला. सगळं इतकं की नजर ठरेना.

या असल्या अतीच्या शौकाला तिकडे पाश्चात्त्य देशांत 'कॅम्प' म्हणतात. अमेरिकन लेखिका सुझन सोंटॅग यांनी १९६४ साली त्यावर ५८ टिपणं लिहिली. कॅम्प नजरेला दिवा दिसत नाही, अवतरणचिन्हांतला 'दिवा' दिसतो, असं त्यातलं एक. २०१९ च्या न्यूयॉर्कमधल्या मेट गाला या फॅशन सोहळ्याला हाच विषय होता आणि पॉप गायिका केटी पेरी तिथे मेणबत्त्यांसकट झुंबर होऊन आली होती. दिव्याचं बाईंनी फारच मनावर घेतलं म्हणायचं!

आपण मात्र 'बेगडी'ची शिवी करून ठेवली. बेगडी प्रेम, बेगडी देशभक्ती. बेगडाने कधी आपण सोनं असल्याचा दावा केलाय? ते फक्त चकाकतं, आणि मनापासून चकाकतं.

सोंटॅगबाईंनाही बुद्ध्या केलेल्यापेक्षा भाबडं कॅम्पच जास्त पसंत होतं. म्हणजे ज्याला स्वतःचं हसू येत नाही ते. दशावतारात नेपथ्य म्हणून एक बाकडं असतं. राजा बसला की ते सिंहासन. संवाद लिहिलेले नसतात, जागच्या जागी सुचतात. राणी विलाप करायला लागली तेव्हा हाफपँट मला ठाऊक असूनही माझ्या घशात आवंढा आला. पुढे बसलेली आजी तर पदराने डोळे पुसत होती. दशावतारात अवतार दहा, अवतरणचिन्ह एकही नाही.

मागच्या मे महिन्यात चुलतभावाच्या लग्नात 'दशावतार थीम'चा फोटो कोपरा होता. तसाच मुकुट, उलट बेगड जास्त कोरं. जो तो तो डोक्यावर ठेवून डोळे मिचकावत होता. मीही मिचकावले. फोटोत पुठ्ठा दिसतो.

पहाटे दहीकाला झाल्यावर राणी नळावर खोबरेल तेलाने तोंड पुसत होती. पेटारा बांधून झाला होता, टेम्पो सुरू होता. बघतो तर कानाच्या पाळीमागे एक टिकली तशीच चमकत होती.

"मामानू, टिकली ऱ्हवली."

"ऱ्हवांदे," ते टेम्पोत चढता चढता म्हणाले. "रातीक परत लावचीच आसा."