नखं कापणार कोण?

आत्याला केअर सेंटरमध्ये ठेवताना कागदपत्रं, डिपॉझिट, औषधांची यादी सगळं एका दुपारी उरकलं. घोडं अडलं ते पायाच्या नखांपाशी.

डाव्या अंगठ्याचं नख पिवळं, जाड, शिंगासारखं वळून शेजारच्या बोटात रुतायला लागलेलं. मोजा काढताना धागा अडकायचा. इन्चार्ज सिस्टर म्हणाल्या, "डायबेटिक पेशंटच्या नखांना आमचा स्टाफ हात लावत नाही. रक्त आलं तर जबाबदारी कोणाची? डॉक्टरांचं लेखी आणा." व्हिजिटला येणारे डॉक्टर म्हणाले, सर्जनला दाखवा. मग व्हीलचेअर, गाडी, ओपीडीत ताटकळणं, आणि आत गेल्यावर, "नखं कापायला इथवर आणलंत? सिस्टर कापतील की!" तेवढंच लिहून द्या म्हटलं, तर असं काही लिहून देत नसतात. परत सिस्टरांकडे. "लेखी आहे का?" डोकंच फिरलं. आत्या मात्र निवांत. "मला कुठे दुखतंय?" अहो, दुखत नव्हतं हीच तर भीती होती! साखरेने पाय बधिर झाले की जखम झालेली कळतसुद्धा नाही.

शेवटी डायबेटिक फूट क्लिनिक गाठलं. तिथल्या बाईंनी आत्याला डोळे मिटायला लावून 10 ग्रॅमची मोनोफिलामेंट, म्हणजे तेवढ्या दाबाला वाकणारी नायलॉनची बारीक तार, तळव्यावर जागोजागी टेकवली. "लागलं का?" बऱ्याच जागी आत्या गप्पच. पावलावरची नाडी पाहिली, नख घासून पातळ केलं, मग थोडंथोडं सरळ कापलं, कोपऱ्यात न शिरता. पुढची नखं सिस्टरांनी कशी कापायची तेही लिहून दिलं, सहीशिक्क्यासकट. शिक्का पाहिल्यावर सेंटरची हरकत कुठल्या कुठे गेली!

तेव्हा ॲडमिशनच्या आधीच विचारा: नखं कोण कापतं, तळवे रोज कोण बघतं? उत्तर लेखी घ्या. पाय भिजत ठेवू देऊ नका. कोमट पाण्याने धुवायचे, पाणी आपण कोपराने बघायचं, बोटांच्या बेचक्या टिपून कोरड्या करायच्या. क्रीम टाचेला, बेचक्यात नाही. अंथरुणाला खिळलेल्यांच्या पोटरीखाली उशी द्यावी, टाच अधांतरी राहिली पाहिजे. आणि हो, कुरूपावर मेडिकलमधली कॉर्नपट्टी मुळीच लावू नका, त्यातलं ॲसिड चांगली कातडीही खातं.

चप्पल मऊ एमसीआरची, म्हणजे बारीक छिद्रांच्या रबराची, मागे पट्टा असलेली घेतली. आत्या तिला "दवाखान्याची चप्पल" म्हणते, नाक मुरडते, पण घालते.