देवळालीचा ताप

दादरहून नाशिकला जाताना देवळाली स्थानकाची पिवळी पाटी दिसली की मला इंग्रजीतला 'डूलॅली' आठवतो. डोके फिरलेल्या माणसाला लावला जाणारा हा शब्द म्हणजे देवळालीचाच अपभ्रंश. मुंबईकर जिथे हौसेने हवा खायला जातात, त्या गावावर हा अन्यायच आहे. मुदत संपलेले ब्रिटिश सैनिक मायदेशी जाणाऱ्या जहाजासाठी तिथल्या छावणीत थांबत, आणि जहाजे मुख्यतः हिवाळ्यातच सुटत असल्यामुळे ज्याची मुदत उन्हाळ्यात संपे, त्याला कित्येक महिने रिकामपणी कंठावे लागत. मूळ शब्दप्रयोग होता 'डूलॅली टॅप'. हा 'टॅप' नळाचा नव्हे, आपला 'ताप'. ऊठसूट 'डोक्याला ताप' म्हणणाऱ्या मुंबईकराला तो समजावून सांगायला नको. पुढे 'टॅप' गळून नुसते 'डूलॅली' राहिले.