तुम्ही विचारलंत म्हणून: लिडस्ट्रॉमच का?

परळला भावाकडे गेलो की हा प्रश्न ठरलेला. इकडे डेट्रॉइटला गणपतीच्या जेवणातही कुणी ना कुणी विचारतंच. "तुम्ही कबड्डीतले. ही बर्फावरची हॉकी डोक्यात शिरली कशी? आणि शिरली ती शिरली, आवडता खेळाडू कोण, तर लिडस्ट्रॉम, एक डिफेन्समन, म्हणजे बचाव करणारा? गोल मारणारे काय कमी होते?" दरवेळी हातात ताट असतं, मागे रांग असते आणि उत्तर अर्धवट राहतं. आज पूर्ण देतो.

मी 1996 साली नोकरीसाठी मिशिगनला आलो. त्या हिवाळ्यात ऑफिसमधल्या एकाने रेड विंग्जच्या, म्हणजे डेट्रॉइटच्या हॉकी संघाच्या, सामन्याचं जादा तिकीट दिलं. त्यांचं स्टेडियम जो लुई अरीना, अगदी वरची रांग. ह्या हॉकीत चेंडू नसतो, पक असतो. पक म्हणजे तीन इंच व्यासाची, 170 ग्रॅमची काळी रबरी चकती. सवय नसलेल्या डोळ्यांना ती तेवढ्या उंचीवरून सापडतच नाही. मग मी तिचा नाद सोडला आणि माणसं बघायला लागलो. तेव्हा मला 5 नंबर दिसला.

समोरून एक गडी सुसाट येतोय आणि हा त्याच्याकडे तोंड करून उलटा मागे सरकतोय, त्याच्याच वेगाने. दोघांमधलं अंतर साधारण एक-दीड स्टिकचं, ते ना वाढतंय ना घटतंय. स्टिकचं पातं बर्फाला टेकलेलं, थोडं आतल्या बाजूला, म्हणजे मधून पास द्यायची वाट बंद. समोरच्याने पक डावीकडे नाचवला, उजवीकडे नाचवला, खांदा पाडला. ह्याचं लक्ष छातीवर, पकाकडे बघतसुद्धा नाही. बघता बघता तो गडी कडेच्या फळीला लागला, पुढे जायला जागाच उरली नाही. पात्याचा एक हलका टोला, पक ह्याच्याकडे, आणि लगेच पुढे पास. धडक नाही, आपटाआपटी नाही. प्रेक्षकांतून कुणी उठलंही नाही.

मी मात्र उभा राहिलो, कारण हे मला माहीत होतं! शाळेपासून आठ वर्षं मी डाव्या कोपऱ्यात खेळलो. आमचे सर ओरडायचे, "हात फसवतात, पाय फसवतात, कंबर फसवत नाही. कंबरेकडे बघ!" दुसरं सांगायचे, "आधी झेपावला तो मेला." चढाईवाल्याला पकडायच्या आधी त्याला हवं तिथे आणावं लागतं, आणि ते आणणं बघणाऱ्याच्या लक्षातही येत नाही. परळच्या मातीत शिकलेली ही गोष्ट कुणीतरी स्केटच्या पोलादी पात्यांवर, उलटा धावत करत होतं.

त्याचं नाव निकलास लिडस्ट्रॉम. स्वीडनमधल्या वेस्तेरोसच्या क्लबातून वर आलेला. 1989 च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे लीगमधले संघ पाळीपाळीने नवे खेळाडू निवडतात त्यात, डेट्रॉइटने त्याला घेतलं ते 53 व्या क्रमांकावर, आणि त्याच ड्राफ्टमध्ये 221 व्या क्रमांकावर व्लादिमीर कोन्स्तान्तिनोव नावाचा रशियन डिफेन्समनही घेतला. दोघे 1991 साली एकाच मोसमात संघात आले. कोन्स्तान्तिनोव अंगावर जाणारा. त्याच्या धडकेने माणसं फळीवर आदळायची आणि अरीना दणाणून जायचा.

1997 साली लीगच्या अंतिम फेरीत समोर फिलाडेल्फियाचा संघ. त्यांचा एरिक लिंड्रोस सव्वासहा फुटांहून उंच, त्याचे जोडीदारही तसेच दांडगे. त्यांना अडवायला कोन्स्तान्तिनोवच लागणार असं सगळे धरून चालले होते. प्रशिक्षक स्कॉटी बोमननी लिडस्ट्रॉम आणि लॅरी मर्फी ही जोडी लावली. दोघेही अंगावर न जाणारे. धडक मारायला कुणी समोर येतच नाही म्हटल्यावर त्या ताकदीचं करायचं काय? अख्ख्या मालिकेत लिंड्रोसचा एकच गोल झाला, तोही शेवटच्या सामन्याच्या शेवटच्या काही सेकंदांत. डेट्रॉइटने चारही सामने जिंकले आणि 42 वर्षांनी स्टॅनली कप, म्हणजे लीगच्या विजेत्याचा चषक, घरी आला.

त्यानंतर सहाच दिवसांनी, 13 जूनला, कोन्स्तान्तिनोव ज्या लिमोझिनमध्ये होता ती झाडावर आदळली. मेंदूला जबर मार लागला, खेळ तिथेच संपला. वय तीस, सामने 446. पुढच्या वर्षी संघ पुन्हा जिंकला तेव्हा त्याला व्हीलचेअरवरून बर्फावर आणलं आणि कप त्याच्या मांडीवर ठेवला. ते दृश्य टीव्हीवर बघताना आमच्या घरात कुणी बोललं नाही. आजही लिहिताना गळा दाटतो.

लिडस्ट्रॉम खेळत राहिला. 20 मोसम, 1564 सामने, सगळे एकाच संघाकडून. सर्वोत्तम डिफेन्समनची नॉरिस ट्रॉफी सात वेळा, पण पहिली मिळाली तेव्हा तो 31 वर्षांचा होता. त्याआधी सलग तीन वर्षं दुसरा. लोकांना तो दिसायलाच इतका वेळ लागला, हे मला अजून खुपतं. मला सगळ्यात मोठा वाटतो तो आकडा वेगळाच आहे. उशीर झालेला डिफेन्समन समोरच्याला स्टिकने ओढतो, पाडतो आणि शिक्षा म्हणून दोन मिनिटं बाहेर बसतो. लिडस्ट्रॉमची 20 मोसमांतली सगळी शिक्षा मिळून 514 मिनिटं, म्हणजे सामन्यामागे सरासरी 20 सेकंद. आणि लीगमधल्या सगळ्यात धोकादायक माणसांसमोर त्यालाच उभं करायचे!

गोलांचं म्हणाल तर तेही केले, 264. 2006 च्या तुरिन ऑलिंपिकच्या अंतिम सामन्यात फिनलंडविरुद्ध 2-2 असताना तिसरा भाग सुरू होऊन दहाच सेकंद झाले होते. ह्याने लांबून फटका मारला, आणि स्वीडनला सुवर्णपदक. 2008 साली तो कर्णधार असताना डेट्रॉइटने कप जिंकला. युरोपात घडलेल्या कर्णधाराने कप उचलण्याची ती पहिलीच वेळ.

31 मे 2012 ला तो थांबला, वयाच्या 42 व्या वर्षी. अंगात अजून थोडं बळ आहे, पण ज्या पातळीवर खेळायचंय तिथे रोज उभं राहण्याइतकं नाही, अशा अर्थाचं तो बोलला. मला कोपरा सोडावा लागला तो गुडघ्यामुळे, एका रविवारी, डाव अर्धा असताना. कोन्स्तान्तिनोवला तर तेवढंही मिळालं नाही. कधी थांबायचं हे ठरवायची संधी एकाला तरी मिळाली, याचा मला त्या दिवशी मनापासून आनंद झाला.

6 मार्च 2014 ला त्याचा 5 नंबर छताला चढवला, म्हणजे तो नंबर संघात पुन्हा कुणाला द्यायचा नाही असं ठरलं, तेव्हा मी तिथे होतो. तिकीट मुद्दाम वरच्या रांगेचंच घेतलं. खाली तो, बायको आणि चार मुलं, बोटाएवढी दिसत होती. लाल-पांढरा बॅनर हळूहळू वर आला आणि आमच्या रांगेसमोर येऊन थांबला.