सिंहगड: चढताना ठीक, उतरताना डावी बाजू गायब

"सिंहगड म्हणजे बागेत फिरल्यासारखं," असं ज्यांनी सांगितलं त्यांना लांबूनच नमस्कार.

दादाचा मेनिंजिओमा काढून आठ महिने झाले. मेंदूच्या आवरणाची गाठ, साधी निघाली, पण बसली होती उजव्या पॅरायटल लोबवर, म्हणजे मेंदूच्या वरच्या-मागच्या भागावर. आता हातपाय धड, चष्म्याच्या दुकानात नजर ६/६, डिस्चार्जच्या कागदावर "नेहमीचे व्यवहार सुरू करण्यास हरकत नाही". आणि हा माणूस पूर्वी दर रविवारी गडावर. म्हटलं, चला.

आतकरवाडीतून सहाला निघालो, पावणेआठला पुणे दरवाजा. चढणीबद्दल सांगण्यासारखं काही नाही. दम लागतो. दादा माझ्या पुढेच होता.

पहिली पाल चुकचुकली ती पिठलं-भाकरीला. "ठेचा दिलाच नाहीत," दादा मावशींवर चिडला. ठेचा ताटातच होता, डाव्या कडेला. भाकरीचाही डावीकडचा तुकडा तसाच. मी काही न बोलता ताट अर्धं फिरवलं. "हां, आता कसं!" मावशी एकदा त्याच्याकडे, एकदा माझ्याकडे बघत राहिल्या.

खरं तर तिथूनच जीपने उतरायचं. पण सीटा भरेनात, आणि पूर्ण गाडीचे मागितले आठशे. माझं डोकं सटकलं. आठशे वाचवायला पायवाटेने निघालो. इतका महागडा हट्ट मी दुसरा केलेला नाही.

दरवाज्याखालचा तो झिजलेल्या दगडांचा आणि सुट्या मुरुमाचा टप्पा. दादाचा उजवा पाय बरोबर पडायचा, डावा हवेत. एकदा, दोनदा. तिसऱ्यांदा मी सॅकचा पट्टा धरून मागे खेचला म्हणून दोघंही बसलो, फक्त ढुंगणावर. डावीकडून चढणाऱ्या एका पोरावर आदळला तेव्हा तो ओरडला, "काका, दिसत नाही का?" नव्हतंच दिसत. गंमत म्हणजे दादालाही ते माहीत नव्हतं. तो मलाच म्हणाला, "वाट किती बिघडवून ठेवलीय!" चाळीस मिनिटांच्या उताराला अडीच तास लागले.

मंगळवारी न्यूरॉलॉजिस्टकडे उलगडा झाला. या दोन वेगळ्या भानगडी आहेत. डोळ्यांकडून आलेला निरोप मेंदूच्या मागच्या टोकाला पोचवणाऱ्या तारांपैकी वरच्या तारा पॅरायटल लोबमधून जातात आणि खालचं दृश्य नेतात. उजवीकडच्या दुखावल्या की दोन्ही डोळ्यांचा डावा खालचा पाव भाग जातो. चढताना नजर समोर, काही अडत नाही. उतरताना मात्र पायरी नेमकी त्याच भागात. दुसरी भानगड ठेच्याची: डावी बाजू नजरेत येते, पण तिकडे लक्षच जात नाही. नुसतं दिसत नसेल तर माणूस मान वळवून घेतो. लक्षच जात नसेल, तर वळवायची आठवण कुणाला?

६/६ ही फक्त मधल्या नजरेची परीक्षा. परिमेट्री, म्हणजे नजरेच्या कडा तपासणारी चाचणी, मागून घ्या: एक डोळा झाकून घुमटाच्या यंत्रात मधल्या ठिपक्याकडे बघायचं, कडेला दिवा चमकला की बटण दाबायचं. दादाच्या दोन्ही कागदांवर एकच कोपरा काळा. हे आठ महिन्यांपूर्वी कुणी करायला सांगितलं नाही याचा राग अजून गेलेला नाही.

घरी असा पेशंट असेल तर गडावर न्यायच्या आधी पर्वतीच्या पायऱ्या उतरवून बघा. चढवून नाही, उतरवून. उतारावर तुम्ही डाव्या हाताला, एक पाऊल खाली. काठी त्याच्या डाव्या हातात, आणि मनगटाला भडक रंगाची रिबीन, म्हणजे "रिबीन बघ" म्हटलं की मान वळते. नुसतं "डावीकडे बघ" म्हणून ओरडण्यात अर्थ नाही, मी घसा बसेपर्यंत ओरडलोय.

ऑपरेशननंतर फिटची गोळी चालू असेल तर तिची वेळ पहाटे निघण्याच्या गडबडीत चुकवू नका, आणि आदल्या रात्री झोप पुरी हवी. दोन्हींनी फिट येऊ शकते. आलीच तर कुशीवर वळवा, तोंडात काही घालू नका. कांदा-चप्पल हुंगवणारे गडावरही भेटतील, त्यांना बाजूला करा. पाच मिनिटांत थांबली नाही तर थेट हॉस्पिटल.

आणि जीपवाल्याला आठशे द्या. मी साडेसहाशेवर आणायला बघेन म्हणा.